ट्रान्सनिस्ट्रिया: दीड हजार सैनिक आणि फुकटचा गॅस

१ जानेवारी २०२५. ट्रान्सनिस्ट्रियाची राजधानी तिरास्पोलमध्ये ऐन थंडीत घराघरांतले रेडिएटर गार पडले. नळाला गरम पाणी येईना. शहराला उष्णता पुरवणाऱ्या कंपनीने रुग्णालयांसारख्या जागा वगळून सगळ्यांचा पुरवठा बंद केला आणि वर सल्ला दिला: घरातल्या सगळ्यांनी एकाच खोलीत राहा, अंगावर जास्तीचे कपडे चढवा, खिडक्यांना आणि बाल्कनीच्या दारांना जाड पडदे नाहीतर ब्लँकेटं टांगा. दोन-तीन दिवसांत वीजही जायला लागली, आधी तासभर, मग तीन-चार तास. कारखाने थांबले, खाण्यापिण्याच्या वस्तूंचे तेवढे चालू राहिले.

युक्रेनमार्गे रशियन गॅस वाहून नेण्याचा करार आदल्या दिवशी संपला होता आणि युक्रेनने तो वाढवला नव्हता. पण काळ्या समुद्राखालून बाल्कन देशांमार्गे येणारी दुसरी वाट मोकळी होती. रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, गाझप्रोमने, ती वापरली नाही. ट्रान्सनिस्ट्रिया कागदोपत्री ज्याचा भाग आहे त्या मोल्दोव्हाकडे जुनी थकबाकी आहे, असं कारण पुढे केलं.

ज्या भागात हा गारठा पसरला, तिथे रशियाचे सुमारे दीड हजार सैनिक मुक्कामाला आहेत. ते कशासाठी, असं विचारलं तर १९९२पासून मॉस्कोचं उत्तर ठरलेलं आहे: तिथल्या लोकांच्या रक्षणासाठी. त्या जानेवारीत त्यांनी कुणाचं कशापासून रक्षण केलं, हा प्रश्न सोडवत बसलं की ट्रान्सनिस्ट्रियाचं प्रकरण बरंच उलगडतं.

पट्टी, भाषा आणि लिपी

रुमानिया आणि युक्रेनच्या मधे मोल्दोव्हा. त्याच्या पूर्व अंगाला द्नीस्टर नदी वाहते आणि नदीपलीकडे, युक्रेनच्या हद्दीला चिकटून, एक चिंचोळी पट्टी उरते. लांबी चारशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी काही ठिकाणी जेमतेम काही किलोमीटर, क्षेत्रफळ गोव्यापेक्षा थोडंसं जास्त. या पट्टीला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे, सैन्य आहे, सीमारक्षक आहेत, झेंड्यावर अजून विळा-हातोडा आहे. स्वतःचा रूबल आहे आणि २०१४पासून प्लास्टिकची नाणीही आहेत, गोल, चौकोनी, पंचकोनी, षट्कोनी. या देशाला मान्यता मात्र संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याची नाही. खुद्द रशियाचीही नाही. मान्यता दिली आहे अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया यांनी, म्हणजे ज्यांना स्वतःलाच मान्यतेची चणचण आहे त्यांनी.

नदीच्या दोन काठांचा इतिहास वेगळा. पश्चिमेचा बेसाराबिया दोन महायुद्धांच्या मधे रुमानियात होता. पूर्वेच्या पट्टीत १९२४ साली सोव्हिएत युक्रेनच्या पोटात एक 'मोल्दाव्हियन स्वायत्त प्रजासत्ताक' काढलं गेलं. १९४०मध्ये स्टालिनने रुमानियाकडून बेसाराबिया घेतला, त्याला ही पट्टी जोडली आणि मोल्दाव्हियन सोव्हिएत प्रजासत्ताक तयार झालं. पुढे जड उद्योग आणि वीज यांचा मोठा भाग पट्टीतच उभा राहिला. शेती आणि द्राक्षमळे मुख्यतः पश्चिमेला, कुचुर्गानचं अवाढव्य वीजकेंद्र आणि रिबनित्साचा पोलाद कारखाना पूर्वेला. ही वाटणी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं राजकारण तिच्यावर बेतलेलं आहे.

३१ ऑगस्ट १९८९ रोजी मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाऊत, संसदेने मोल्दोव्हन ही राज्यभाषा केली आणि ती सिरिलिकऐवजी लॅटिन लिपीत लिहायची असं ठरवलं. लिपीचा वाद म्हणजे नुसता अक्षरांचा वाद नसतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. गोव्यात कोकणी देवनागरीत की रोमीत, यावरून राजभाषा कायद्याला इतकी वर्षं होऊनही माणसं हमरीतुमरीवर येतात. मोल्दोव्हात लॅटिन लिपीचा अर्थ होता, 'ही भाषा म्हणजे रुमानियनच'. त्यापुढचा अर्थ पलीकडच्या काठावर भीतीने वाचला गेला: उद्या आपल्याला रुमानियात नेणार. तिरास्पोलच्या कारखान्यांत संप झाले. संपाचे पुढारी कारखान्यांचे व्यवस्थापकच होते. पुढे वीस वर्षं ट्रान्सनिस्ट्रियाचे अध्यक्ष राहिलेले इगोर स्मिर्नोव्ह तिथल्या विद्युतयंत्रांच्या कारखान्याचे संचालक होते. २ सप्टेंबर १९९० रोजी तिरास्पोलने वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. मोल्दोव्हा स्वतः सोव्हिएत संघातून बाहेर पडला तो त्यानंतर, २७ ऑगस्ट १९९१ला.

याला वांशिक संघर्ष म्हणायची सवय आहे. मला ती पटत नाही. १९८९च्या जनगणनेत या पट्टीत मोल्दोव्हन सुमारे ४० टक्के, युक्रेनियन २८, रशियन २५ टक्के होते. सर्वांत मोठा गट मोल्दोव्हनच. मोल्दोव्हातले बहुसंख्य रशियन तर नदीच्या पश्चिमेला राहत होते आणि तिथे त्यांनी बंदूक उचलली नाही. भांडण खरं होतं ते भाषेच्या आडून चाललेलं: कारखाने कुणाच्या हुकमाखाली राहणार, किशिनाऊच्या की मॉस्कोच्या.

कर्नल गुसेव्ह

मार्च १९९२मध्ये लढाई पेटली. नदीकाठी सोव्हिएत सैन्याची १४वी आर्मी होती, तिचं मुख्यालय तिरास्पोलमध्ये. सोव्हिएत संघ गेला, पण आर्मी तिथेच राहिली. १ एप्रिलला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी एक हुकूम काढून तिला रशियाची म्हटलं. परदेशी सैन्य म्हणतात ते इथे हद्द ओलांडून आलं नाही, हा या प्रकरणाचा चमत्कारिक भाग. ते होतं तिथेच होतं. हद्द त्याच्याभोवती हलली. त्यातले कित्येक अधिकारी आणि जवान तिथेच घरं करून राहिलेले, बायका तिथल्या, मुलं तिथल्या शाळेत.

१९ जूनला पेच बेंदेर शहरात आला. बेंदेर नदीच्या पश्चिम काठावर आहे, पण त्याच्यावर हक्क तिरास्पोल सांगत होतं, आणि तिरास्पोलकडे जाणारा पूल याच शहरात. मोल्दोव्हन फौजा शहरात शिरल्या, पुलापर्यंत पोचल्या, मग पलीकडून रणगाडे आले. नुकतीच परीक्षा संपवून दहावी-बारावीतली मुलं घरी परतत असावीत अशा दिवसांत गल्ल्यांमध्ये गोळीबार चालू होता. २३ जूनला 'कर्नल गुसेव्ह' नावाचा एक अधिकारी तिरास्पोलला उतरला. तो होता मेजर जनरल अलेक्झांडर लेबेद. काही दिवसांत त्याने आर्मीची सूत्रं घेतली, आणि ३ जुलैच्या पहाटे त्याच्या तोफांनी मोल्दोव्हन सैन्य जमलं होतं त्या जंगलावर मारा केला. युद्ध तिथे निकालात निघालं. तोपर्यंत दोन्ही बाजू मिळून हजाराच्या आसपास माणसं गेली होती.

२१ जुलैला मॉस्कोत शस्त्रसंधी झाली. सह्या कुणाच्या? मोल्दोव्हाचे अध्यक्ष स्नेगुर आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन. भांडण किशिनाऊ आणि तिरास्पोलचं, आणि करार किशिनाऊ आणि मॉस्कोचा! रशिया या युद्धात पक्षकार होता याची याहून सरळ कबुली शोधून सापडणार नाही. आणि त्याच करारात तो शांतिरक्षकही झाला: रशियन, मोल्दोव्हन आणि ट्रान्सनिस्ट्रियन सैनिकांची मिळून फौज, वर एक संयुक्त नियंत्रण आयोग. ज्याने तोफ डागली त्यानेच पंचाची शिटीही गळ्यात अडकवली.

तेव्हापासून रशियन गणवेश तिथे दोन तऱ्हांचा आहे, आणि वाचताना या दोन तऱ्हा हमखास एकमेकींत मिसळतात. एक, १९९२च्या कराराखालचे चारेकशे शांतिरक्षक. त्यांना निदान मोल्दोव्हाच्या सहीचा आधार आहे. दुसरी, १४व्या आर्मीचा उरलेला तुकडा, १९९५पासून नाव 'रशियन फौजांचा कार्यगट'. त्याला कसलाच आधार नाही. मोल्दोव्हाच्या १९९४च्या राज्यघटनेचं ११वं कलम देशाला तटस्थ ठरवतं आणि परक्या सैन्याला जागा नाकारतं. त्याच वर्षी तीन वर्षांत माघारीचा करार झाला. रशियाच्या संसदेने, ड्युमाने, तो मंजूर केला नाही. १९९९च्या इस्तंबूल शिखर परिषदेत रशियाने २००२अखेरची तारीख दिली. काही आगगाड्या शस्त्रास्त्रं भरून गेल्याही, मग २००४मध्ये थांबल्या. कोबास्ना गावाजवळच्या कोठारात सुमारे वीस हजार टन दारूगोळा अजून पडून आहे. युक्रेनची हद्द तिथून दोनच किलोमीटरवर.

एका रात्रीत फिरलेली सही

तोडगा सर्वांत जवळ आला होता तो नोव्हेंबर २००३मध्ये. पुतिन यांचे विश्वासू दिमित्री कोझाक यांनी एक मसुदा तयार केला. मोल्दोव्हाचे अध्यक्ष व्लादिमीर वोरोनिन हे कम्युनिस्ट, मॉस्कोशी सूत जुळलेले. देश एक राहील, पण संघराज्य होईल. ऐकायला वाजवी. मेख वरच्या सभागृहात होती. सिनेटमध्ये २६ जागा: १३ खालच्या सभागृहाने निवडायच्या, ९ ट्रान्सनिस्ट्रियाच्या, ४ मोल्दोव्हाच्या दक्षिणेकडच्या गागाउझ स्वायत्त प्रदेशाच्या. महत्त्वाच्या कायद्यांना सिनेटची संमती लागणार. म्हणजे तिरास्पोल आणि गागाउझिया एक झाले की किशिनाऊची गाडी जागच्या जागी ठप्प. युरोपीय संघात जायचं ठरवा, रुमानियाशी करार करा, काहीही करा, कळ त्यांच्या हातात. आणि शेवटी आलेली पुरवणी: रशियन सैन्य २०२०पर्यंत राहील.

२५ नोव्हेंबरला पुतिन सहीसाठी किशिनाऊला येणार होते. वोरोनिन यांनी मसुद्याच्या पानांवर आद्याक्षरंही केली होती. आदल्या दिवशी रस्त्यावर निदर्शनं आणि युरोप-अमेरिकेकडून नापसंतीचे निरोप, दोन्ही एकदम येऊन आदळले. रात्री वोरोनिन यांनी नकार कळवला. विमान मॉस्कोतून उडालंच नाही.

वोरोनिन यांच्यावर तेव्हा आणि नंतरही खूप टीका झाली, की हातची संधी घालवली. मला वाटतं, त्यांनी आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय त्या रात्री घेतला, मग तो धाकाने घेतलेला का असेना. त्या मसुद्याने मोल्दोव्हा जोडला गेला नसता. ट्रान्सनिस्ट्रियाचा पेच अख्ख्या देशाला लागू झाला असता. २०१४नंतर पूर्व युक्रेनमधल्या दोनबासबद्दल मिन्स्कमध्ये जे करार झाले, त्यांत युक्रेनला 'विशेष दर्जा'ची कलमं वाचताना हेच का खुपलं, ते कोझाक मसुदा पाहिला की कळतं.

स्ट्रासबुर्गने कुणाला जबाबदार धरलं

सार्वभौमत्व कुणाचं, हा प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर तसाच राहिला, पण एका कोर्टाला त्याचं उत्तर द्यावंच लागलं. फुटीर राजवटीला विरोध करणारे इलिए इलाश्कू आणि त्यांचे साथीदार १९९२मध्ये तिरास्पोलमध्ये पकडले गेले. खटला चालला तेव्हा आरोपी पिंजऱ्यात होते. डिसेंबर १९९३मध्ये इलाश्कूंना मृत्युदंड सुनावला गेला. ते कोठडीत असतानाच मोल्दोव्हाच्या संसदेवर निवडून आले, पुढे रुमानियाच्या सिनेटवरही. सुटले मे २००१मध्ये. त्यांच्या अर्जावर स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ८ जुलै २००४ रोजी निकाल दिला.

न्यायालयाने रशियाला जबाबदार धरलं: ही राजवट रशियाच्या लष्करी, आर्थिक आणि राजकीय आधारावर टिकून आहे, तिच्यावर रशियाचा निर्णायक प्रभाव आहे. हे अपेक्षित होतं. पण न्यायालयाने मोल्दोव्हालाही सोडलं नाही. तिथे तुमचा हुकूम चालत नाही हे मान्य, पण भूभाग तुमचा आहे ना? मग तिथल्या माणसांसाठी जे करता येण्यासारखं आहे ते करण्याचं तुमचं कर्तव्य संपत नाही. नकाशावरचा रंग हा नुसता हक्क नाही, तो बोजाही आहे, असा याचा अर्थ. मान्यता नसलेल्या प्रदेशांबद्दल आजवर जे काही लिहिलं गेलं, त्यात हा निकाल मला सर्वांत उपयोगी वाटतो.

लिपीचं भांडणही याच कोर्टात पोचलं. २००४च्या उन्हाळ्यात तिरास्पोलच्या अधिकाऱ्यांनी लॅटिन लिपीत शिकवणाऱ्या शाळांवर टाच आणली. बेंदेरमध्ये अनाथ मुलांच्या शाळेला पोलिसांनी वेढा घातला, पाणी आणि वीज तोडली. मुलं आणि शिक्षक आतच. पालक आणि विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९ ऑक्टोबर २०१२ला निकाल लागला: शिक्षणाच्या हक्काचा भंग, जबाबदार रशिया. २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाच त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला, त्यामुळे आता पुढचे दरवाजे बंद.

रस्ता कुणाच्या हातात

दीड हजार सैनिक हा आकडा कागदावर दबदबा निर्माण करतो. आता जरा नकाशा उघडा. या फौजेच्या एका बाजूला मोल्दोव्हा, दुसऱ्या बाजूला युक्रेन. समुद्र नाही, चालू विमानतळ नाही. मोल्दोव्हाने २०१४च्या सुमारास किशिनाऊ विमानतळावरून कार्यगटाच्या सैनिकांना परत पाठवायला सुरुवात केली. युक्रेनच्या संसदेने मे २०१५मध्ये रशियन सैन्याला वाट देणारा करार मोडला. तेव्हापासून बदली फौज येत नाही, नवे रणगाडे येत नाहीत. भरती स्थानिक पोरांमधूनच होते, ज्यांच्याकडे रशियन पासपोर्ट आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी मोल्दोव्हाचा पासपोर्टही असतो, कारण युरोपात कामाला जायचं तर तोच चालतो. या पट्टीतल्या तीन लाखांहून जास्त लोकांनी मोल्दोव्हाचं नागरिकत्व घेतलेलं आहे.

हे वाचताना मला दादरा-नगर हवेली आठवते. १९५४मध्ये गोवा मुक्तीच्या चळवळीतल्या तरुणांनी, त्यांत पुण्या-मुंबईची मराठी मंडळी होती, सुधीर फडके होते, पोर्तुगीजांना तिथून हुसकावलं. पोर्तुगालचं सैन्य दमणमध्ये होतं, पण दमण ते दादरा हा रस्ता भारताच्या हद्दीतून जात होता आणि भारताने सैन्याला वाट दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १९६०च्या निकालात न्यायालयाने नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क मानला, सशस्त्र दलांचा नाही. सात वर्षं तिथे मान्यता नसलेला कारभार चालला, मग १९६१मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला. तिथल्या न्यायाची बाजू वेगळी होती, वसाहत ती वसाहत. त्या बाबतीत तुलना नाही. पण वेढलेल्या तुकड्यात झेंडा कुणाचा यापेक्षा भोवतालचा रस्ता कुणाचा याने गणित ठरतं, हे दोन्हीकडे सारखं.

मग ट्रान्सनिस्ट्रियाचं गणित इतकी वर्षं का ठरलं नाही? कारण रशियाने ती पट्टी फौजेने धरलेली नव्हतीच. गॅसने धरली होती. गाझप्रोम गॅस पाठवी. तिरास्पोल त्याचे पैसे लोकांकडून नाममात्र दराने घेई आणि स्वतःच्या तिजोरीत टाकी. बिल मात्र मोल्दोव्हाच्या गॅस कंपनीच्या नावे चढत राही, अब्जावधी डॉलरपर्यंत. त्या फुकटच्या गॅसवर रशियन मालकीचं कुचुर्गानचं केंद्र वीज बनवी आणि ती वीज कुणाला विके? किशिनाऊला. वर्षानुवर्षं मोल्दोव्हाची बहुतांश वीज याच केंद्रातून आली. म्हणजे किशिनाऊ ज्या राजवटीला बेकायदा म्हणत होतं, स्वस्त वीज विकत घेऊन तिचाच पगार भागवत होतं. गाझप्रोमने पश्चिम काठाचीच थकबाकी ७० कोटी ९० लाख डॉलर सांगितली. मोल्दोव्हाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तर निघाली ८६ लाख.

सगळ्यांनाच हे परवडत होतं. १९९३मध्ये सुरू झालेल्या 'शेरीफ' या कंपनीकडे सुपरमार्केट, पेट्रोलपंप, टीव्ही वाहिनी, असं होता होता अख्खी पट्टीच आली. तिचा फुटबॉल क्लब मोल्दोव्हाच्या लीगमध्ये खेळतो, कारण त्या 'परदेशी' लीगमध्ये खेळल्याशिवाय युरोपीय स्पर्धांत जाता येत नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी या शेरीफने माद्रिदमध्ये रेआल माद्रिदला २-१ हरवलं, विजयी गोल अगदी शेवटच्या मिनिटांत. जगभरच्या बातम्यांत विजय मोल्दोव्हाच्या क्लबचा. पुढच्याच वर्षी युद्धामुळे युरोपीय फुटबॉल संघटनेने तिरास्पोलमध्ये सामने खेळवायला मनाई केली आणि शेरीफला 'घरचे' सामने किशिनाऊत खेळावे लागले.

फेब्रुवारी २०२२मध्ये ओडेसातले भारतीय विद्यार्थी जीव मुठीत धरून मोल्दोव्हात आले आणि तिथून रुमानियाला गेले. आपल्याकडच्या बऱ्याच घरांनी मोल्दोव्हाचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल. तिरास्पोलला त्याच दिवसांत कळून चुकलं की युक्रेनकडची सीमा आता बंद राहणार. व्यापार सगळा मोल्दोव्हामार्गे. २८ फेब्रुवारी २०२४ला तिरास्पोलने सर्व स्तरांवरच्या लोकप्रतिनिधींची मोठी परिषद भरवली. रशियात विलीन करा अशी मागणी येणार म्हणून युरोपभर धास्ती. आली ती 'संरक्षणासाठी पावलं उचला' अशी विनंती, आणि तीही प्रामुख्याने मोल्दोव्हाने त्या जानेवारीपासून लावलेल्या सीमाशुल्काच्या तक्रारीतून.

मग आला जानेवारी २०२५. मोल्दोव्हाने मदत देऊ केली, तिरास्पोल महिनाभर रशियाच्या गॅसची वाट पाहत राहिलं. शेवटी १ फेब्रुवारीला गॅस आला तो युरोपीय संघाच्या दोन कोटी युरोंतून, पहिल्या दहा दिवसांपुरता. त्यानंतरचा हंगेरीतल्या एका कंपनीमार्फत, रशियाने दिलेल्या कर्जावर. या सगळ्या काळात बेंदेरच्या पुलावरच्या चौकीत पहारा नेमाने बदलत होता. पहाऱ्यावरची बहुतेक पोरं तिरास्पोल-बेंदेरचीच. पाळी संपवून ती घरी जात, तेव्हा त्यांच्याही खिडक्यांना ब्लँकेटं टांगलेली असत.